गोल चौरंगाची थंड बाजू

मित्रांनो, मी एक जुना गोल चौरंग आहे. माझ्यावर पूजा मांडत नाहीत, माझ्यावर जेवतात. जेवणं झाली की मला पुसतात, माझे पाय पोटाशी दुमडतात आणि भिंतीला टेकवून ठेवतात. माझे तीन पाय अजून शाबूत आहेत. चौथा करकरतो. तो का करकरतो, तेच तुम्हाला सांगायचं आहे. बाकीचं ओघाने येईल.

माझा जन्म कोरियातल्या नामवॉन गावचा. मला घडवणारा सुतार अबोल होता, पण लाकडाशी मात्र दिवसभर बोलायचा. लाखेचा एकेक थर चढला की तो मला बोटाने ठोकून कान लावायचा आणि मान हलवायचा. "अजून नाही," म्हणायचा. अखेर एकदा तो हसला आणि मी तयार झालो. त्याच वर्षी एका नवरीबरोबर मी सोलला आलो. ती नवरी पुढे विधवा झाली, टेकडीवरच्या गल्लीतल्या घरात कॉलेजच्या मुलांना खोल्या भाड्याने देऊ लागली आणि सगळी गल्ली तिला नामवॉनवाली काकू म्हणू लागली. काकूंची जीभ तिखट आणि हात सढळ. भाड्याला उशीर झाला तर बोलून सालटं काढायच्या आणि त्याच पोराच्या वाडग्यात वरून आणखी एक डाव भात घालायच्या.

आता त्या खोलीच्या जमिनीविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्याकडे जमीन खालून तापते. स्वयंपाकघरातल्या चुलीत कोळशाची वडी जळते आणि तिची धग जमिनीखालून फिरते. चुलीजवळचा कोपरा इतका तापतो की वर लावलेला तेलकट कागद भाजून तपकिरी होतो. खिडकीकडची बाजू मात्र गारठलेली. तपकिरी कोपरा घरातल्या वडीलधाऱ्याचा. आणि घरातलं कुणी जेवायला यायचं राहिलं असेल, तर त्याच्या भाताचा वाडगा झाकण घालून, गोधडीत गुंडाळून त्याच कोपऱ्यात ठेवतात. माणूस येईपर्यंत भात निवता कामा नये.

मी गोल आहे, याचं त्या मुलांना फार कौतुक होतं. दर शनिवारी दुपारी ती काकूंच्या मोठ्या खोलीत माझ्याभोवती जमायची. देशावर तेव्हा बंदुकवाल्यांचं राज्य होतं. कोणतं पुस्तक वाचायचं आणि कोणतं नाही, हे सरकार ठरवायचं. ही मुलं नेमकं नको ते पुस्तक वाचायची. काकू अंगणात मिरच्या निवडत बसायच्या आणि रेडिओ मोठ्याने लावायच्या. "तुम्ही काय वाचता ते मला कळत नाही," त्या म्हणायच्या, "आणि मला कुणी विचारलं तर मला खरंच कळत नाही. बरं आहे ना?"

त्यांचा म्होरक्या थेसोक. सगळ्यांत वरच्या वर्गात, उंच, आवाज घंटेसारखा. बाकी सगळे त्याला दादा म्हणायचे. पहिल्या दिवशी त्याने माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "हा चौरंग बघा. याला वरची बाजू नाही, खालची नाही. आपलं मंडळही असंच. इथं कुणी मोठा नाही."

"आणि तो तपकिरी कोपरा?" ओकजूने विचारलं. ओकजू बुटकी, हसरी, सरळ विचारणारी. तिच्या आईचं खाली बाजारात हाताने कापलेल्या शेवयांचं छोटं दुकान होतं.

थेसोकने क्षणभर विचार केला. "ज्याचे मोजे ओले, तो तिथं बसेल," तो म्हणाला.

मला तो फार आवडला, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? पहिला हिवाळाभर त्याने हा नियम पाळला. बर्फ तुडवत आलेल्या पोरांना दंड धरून तपकिरी कोपऱ्यात बसवायचा आणि स्वतः खिडकीशी कुडकुडत वाचून दाखवायचा.

ते ज्याचा अभ्यास करत, ती एक कादंबरी होती. एका मोठ्या गलबतावर वल्ही मारणारे गुलाम बंड करतात आणि कप्तानाला समुद्रात ढकलतात. आता कप्तान नको, असं ठरतं. पण वल्ही एका तालात पडायला हवीत, म्हणून ढोल वाजवायला एकजण नेमतात. ढोल वाजवणाऱ्याने वल्हं कसं मारायचं? म्हणून त्याला वल्ह्यातून सूट मिळते. हात दुखतात म्हणून त्याला जास्तीचं जेवण. आवाज सगळीकडे जायला हवा म्हणून उंच जागा. कादंबरीच्या शेवटी त्याच्या डोक्यावर कप्तानाची टोपी असते आणि ताल पूर्वीपेक्षा जलद झाला आहे की नाही, हे कुणालाच आठवत नसतं. प्रत पुसट होती, मुखपृष्ठ फाडलेलं होतं. बसमध्ये कुणाला संशय येऊ नये म्हणून ओकजूने तिला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं होतं, छापलेली बाजू आत आणि कोरी बाहेर. आमच्याकडे शाळेची पुस्तकंही अशीच घालतात.

मुलं त्या ढोलवाल्यावर तावातावाने बोलायची. माझ्यावर मुठी आपटायची. वाचून झालं की काकू भात आणि सोयाबीनच्या पेस्टचं कढण आणायच्या. तोंडं भरलेली असतानाही वाद चालूच राहायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस ते.

मग पुढच्या हिवाळ्यात थेसोकला खोकला झाला. एका शनिवारी तो तपकिरी कोपऱ्यात बसला, आणि त्यात काही वावगंही नव्हतं. वाचून दाखवणाऱ्याचा घसा जपायलाच हवा. खोकला बरा झाला. तो तिथंच बसला. मानबोक नावाचा एक गोलमटोल, खादाड, गमत्या मुलगा होता. त्याने थेसोकसाठी तिथं गादी आणून टाकली. पुढे पुढे थेसोक नसला तरी ती गादी कुणी हलवीना. मोजे ओले असलेली पोरं खिडकीशी पाय पोटाशी घेऊन बसायची. आणि मंडळी, हीच पोरं ढोलवाल्याचं प्रकरण वाचून "अरेरे" म्हणायची!

एका शनिवारी ओकजू म्हणाली, "थेसोकदादा, आज तुमचे मोजे ओले आहेत का हो?"

सगळे खो खो हसले. थेसोकही हसला, पण जरा उशिरा हसला. मी लाकडाचा असूनही मला ते कळलं.

त्याच सुमारास मंडळातला चानग्यू पकडला गेला. त्याच्या पिशवीत एका बंदी घातलेल्या पुस्तकाची पानं सापडली. तो कुठे आहे, कसा आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. थेसोकने ठरवलं की चानग्यू सुटेपर्यंत सगळ्यांनी दिवसातून एकदाच जेवायचं. सगळ्यांनी माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली. मानबोकनेही घेतली, पण त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

पुढच्या शनिवारी ओकजू आणि मानबोक सगळ्यांच्या आधी आले. दोघं मला पुसत होते.

"काल दोन वाडगे शेवया," ओकजू हळूच म्हणाली. "परवा एक. क्रांतिकारकाचं पोट बरं आहे ना?"

"हळू बोल गं बाई! ऐकलं तर थेसोकदादा माझी साल काढेल."

"मी कशाला सांगू? आई म्हणते, उपाशी पोराला हाकलणारं दुकान बंद केलेलं बरं. तुझ्यासाठी तिने कॅलेंडरखालची जागाच राखून ठेवलीय."

"ते पोलीस चौकीचं कॅलेंडर तेवढं काढा तिथून. घास घेताना तो हवालदार माझ्याकडेच बघतो असं वाटतं."

"फुकटचं कॅलेंडर कोण काढतं? बाजारातल्या प्रत्येक दुकानात वाटलंय त्यांनी. मासेवाल्याकडे आहे, तेलवाल्याकडे आहे. गेल्या वर्षीचंच तर मी आपल्या गलबताला घातलंय."

दोघं हसले. मानबोकने फडकं पिळलं. तेवढ्यात बाकीचे आले.

थेसोक शेवटी आला. गादीवर बसला आणि त्याने पुस्तक माझ्यावर ठेवलं. उघडलं मात्र नाही. त्याने कव्हर काढलं, पान सरळ केलं आणि उलटं करून माझ्यावर पसरलं. वर चौकीच्या इमारतीचं चित्र होतं, झेंडा होता, आणि खाली छापलं होतं की आपली चौकी आपल्याला नववर्षाच्या शुभेच्छा देत आहे.

"चानग्यूला कुणीतरी पकडून दिलंय," थेसोक म्हणाला. "हा कागद कुणी आणला?"

"मी," ओकजू म्हणाली. "दादा, हे कॅलेंडर—"

"चौकीचं कॅलेंडर तुझ्या घरी कसं?"

"दुकानात वाटतात. सगळ्यांना वाटतात."

"कुणी पाहिलंय? तुझ्याशिवाय कुणी आहे सांगणारं?"

मित्रांनो, तेव्हा ओकजूने मानबोककडे पाहिलं.

तिने नाव घेतलं नाही. "याला विचारा, हा रोज त्या कॅलेंडरखाली बसून खातो," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर मानबोकची शपथ मोडल्याचं सगळ्यांना कळलं असतं. तिने ते त्याच्यावर सोडलं. ती नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत भीतीसुद्धा नव्हती. तो बोलेल याची तिला खात्री होती.

मानबोकने मान खाली घातली. तो माझ्याकडे पाहू लागला. माझ्या कडेवर लाखेचा एक टवका उडाला होता. त्यावरून तो अंगठा फिरवत राहिला, फिरवत राहिला. बोल रे, मी म्हणत होतो. बोल, मूग गिळून काय बसलास? पण लाकडाचं म्हणणं कोण ऐकणार?

"खाई त्याला खवखवे," थेसोक म्हणाला. "बघा कशी गप्प झाली."

हे ऐकून मानबोकचा अंगठा टवक्यावरच थांबला.

मग ओकजूला मंडळातून काढायचं का, यावर थेसोकने हात वर करायला सांगितलं. एकेक करून हात वर गेले. मानबोकचा हात शेवटी वर गेला, आणि अर्धाच गेला. तेवढा पुरला.

ओकजू उठली. उठताना तिचा गुडघा माझ्या चौथ्या पायावर आपटला. जोरात आपटला, खीळ सैल झाली. ती "आई गं" सुद्धा म्हणाली नाही. दारात बूट घालताना तिला नाडी बांधता येईना. कुणी उठलं नाही. मग फाटक वाजलं.

थोड्या वेळाने काकू एकवेळच्या जेवणाचे वाडगे घेऊन आल्या. वाटून झाल्यावर एक उरला.

"पोर कुठं गेली?"

पोरं माझ्याकडे बघू लागली.

"मुकी झालात का रे सगळी? ओकजू कुठं गेली म्हणते मी!"

"ती आता येणार नाही, काकू," थेसोक म्हणाला. "तुम्ही त्यात पडू नका."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्यावर पसरलेल्या कागदाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं की काहीच कळलं नाही, ते मला माहीत नाही. त्यांनी वाडग्यावर झाकण घातलं आणि कपाटातली गोधडी काढली.

"ऊठ तिथून," त्या थेसोकला म्हणाल्या. "तिचा भात ठेवायचाय."

"काकू, मी सांगितलं ना—"

"माझ्या चौरंगावरून पोर उपाशी उठून गेलीय. ऊठ म्हणते ना!"

थेसोक उठला. त्यांनी गादी बाजूला भिरकावली आणि गोधडीत गुंडाळलेला वाडगा तपकिरी कोपऱ्यात ठेवला. त्यानंतर दर शनिवारी ठेवला. गोधडीचा तो लहानसा उंचवटा पोरांच्या मध्येच बसलेला असायचा. वाचताना त्यांची नजर तिकडे जायची आणि ओळ चुकायची. ढोलवाल्याचं प्रकरण आलं की पान उलटून पुढे जायची. पोरं गेली की काकू झाकण काढून बघायच्या आणि तो भात स्वतः खायच्या, आंबट तोंड करून. मी रिकामा उभा असलो तरी मला त्या बाजूला कुणीतरी कोपर टेकल्याचा भास व्हायचा.

वसंतात चानग्यू परत आला. वाळला होता, पण हसत होता. थेसोकने त्याला विचारलं, "तुझं नाव कुणी सांगितलं, ते कळलं का?"

"नाव? कुणी नाही. बसथांब्यावर सरसकट सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करत होते. माझं नशीब फुटकं, दुसरं काय? आपली ओकजू कुठं आहे? तिच्या आईच्या शेवयांची फार आठवण यायची आत."

मग थेसोक हळूहळू म्हणाला, "त्या परिस्थितीत सावध राहणं गरजेचं होतं. शिस्त महत्त्वाची." हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं त्या कादंबरीत आहे, मित्रांनो. ढोलवाला म्हणतो.

मानबोक अनवाणीच पळत बाजारात गेला. परत आला तेव्हा तो माझ्यावर डोकं टेकून रडला आणि काकूंना सगळं सांगितलं. दुकानाला कुलूप होतं. ओकजू खबरी आहे, ही बातमी कॉलेजातून बाजारात पोहोचली होती. खबऱ्याच्या घरच्या शेवया कोण खाणार? मायलेकी सामान बांधून गेल्या. कुठं गेल्या ते तेलवाल्याला ठाऊक नव्हतं, मासेवाल्याला ठाऊक नव्हतं. दोघांच्याही भिंतीवर तेच कॅलेंडर होतं.

काकूंनी त्याला जवळ घेतलं नाही आणि ओरडल्याही नाहीत. "तोंड धू," एवढंच म्हणाल्या.

मंडळ मोडलं. राज्य बदललं, लोक रस्त्यावर आले, बंदुकवाले गेले. थेसोक पुढे मोठा माणूस झाला. निवडून आला. तरुणपणी आम्ही गोल बसायचो, सगळे समान, असं तो भाषणात सांगतो म्हणे. काकूंचे गुडघे गेले, खोल्या रिकाम्या झाल्या. मी कित्येक वर्षं गच्चीवर सोयाबीनची पेस्ट मुरवायच्या रांजणांशेजारी पडून होतो. माझ्यावर मिरच्या वाळल्या, मांजरी झोपल्या, पावसाने लाख सोलली. काकू गेल्या तेव्हा मला जाळायला काढलं होतं. त्यांच्या अंत्यविधीला आलेल्या एका टकल्या, गोलमटोल माणसाने मला वाचवलं. त्याने माझा चौथा पाय हलवून पाहिला. तो करकरला. मग मला उचलून त्याने आपल्या घरी नेलं.

मानबोक आता शाळेत शिकवतो. ती कादंबरी आता कुठल्याही दुकानात मिळते, रंगीत मुखपृष्ठासकट, आणि परीक्षेला येते. शनिवारी दुपारी तो मुलांना घरी बोलावतो आणि माझ्याभोवती बसवून तिचा अभ्यास घेतो. नव्या घरांत जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप असतात. सगळीकडे सारखी ऊब. तपकिरी कोपरा कुठंच नाही. तरीही तो एक जागा रिकामी सोडतो आणि तिथं गोधडीत गुंडाळलेला एक वाडगा ठेवतो. माझा पाय त्याने नवी लाख देताना मुद्दाम दुरुस्त केला नाही.

परवा मुलं धडाधड उत्तरं देत होती. गलबत म्हणजे देश, ढोल म्हणजे सत्ता, टोपी म्हणजे भ्रष्ट झालेली क्रांती. सगळी बरोबर. मग एका मुलीने विचारलं, "सर, तो वाडगा कुणाचा आहे?"

मानबोकने सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. मोजे, गादी, कॅलेंडर, वर गेलेले हात, सगळं.

मुलगी ऐकत होती. "पण सर, तुम्हाला तर माहीत होतं," ती म्हणाली. "मग तुम्ही का नाही बोललात?"

मानबोकने मान खाली घातली. त्याचा अंगठा माझ्या कडेवरच्या त्याच टवक्यावर आला. मला वाटलं, झालं, हा पुन्हा गप्प बसणार. मग त्याने मान वर केली आणि त्या मुलीकडे पाहिलं.

"चोरून शेवया खाल्ल्या होत्या म्हणून," तो म्हणाला.

मुलं हसली. एवढ्याशा कारणाला कोण हसणार नाही? मग एकेकाचं हसू थांबलं. खोलीत माझा पाय तेवढा करकरला.

ओकजू कुठं आहे, मला माहीत नाही. वाडगा ऊबदार असतो. बोललेलं ऐकायला ती नसते.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने चौरंग सहसा शेवटी म्हणतात की आम्हाला पुसत जा, पावसात टाकू नका. मला पुसलं नाहीत तरी चालेल. माझं मागणं एवढंच आहे. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला घाबरली की माझ्याकडे बघतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. कधी कुणी तुमच्या एका शब्दाची वाट बघत तुमच्याकडे पाहत असेल, तर कृपा करून चौरंगाकडे पाहू नका.